कडवं गाळायचं नाही

इथे अमेरिकेत, आयसेलिनच्या देशी दुकानात भाजी घेताना भेटणारे हे काका पूर्वी बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. भेंडीसुद्धा ते दोर तपासावा तशी ओढून-वाकवून बघतात. त्यांच्याकडे एक गाणं आहे. कोकणातल्या खलाशांनी दारू पिताना म्हणायचं, आणि चारचौघांत अजिबात न म्हणण्यासारखं. कुठलं कडवं कुणी, कुठल्या बंदरात रचलं, हे त्यांना तोंडपाठ आहे. रचणाऱ्याचं नाव आधी घ्यायचं आणि मग गायचं, अशी बोटीवरची रीत. कुणाचंही कडवं गाळायचं नाही.

२००४च्या गणपतीत आमच्या मंडळाने त्यांना गायला बोलावलं आणि कमिटीने वर बजावलं, "काका, वाईट कडवी प्लीज स्किप करा, फॅमिली क्राउड आहे." नऊपैकी सात कडवी वाईट होती. मला कमिटीचा रागच आला. काका मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून वेळेवर हजर.

पहिली दोन कडवी त्यांनी गायली. मग "दाभोळचा इस्माईल, एडन बंदर" एवढंच म्हणाले आणि कडवं संपेपर्यंत तोंड मिटून टेबलावर नुसता ठेका धरला. मग पुढचं नाव, पुन्हा ठेका. चौथ्या नावापासून सगळा हॉल टाळ्यांनी साथ द्यायला लागला.

पुढच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "म्हणा की हो, आमच्या मुलांना मराठी कुठे कळतंय?"

"कळायला लागलं की म्हणेन," काका म्हणाले.

शेवटचं नाव त्यांचं स्वतःचं होतं. ते त्यांनी सगळ्यांत मोठ्याने घेतलं.