समीरची सायकल आणि गप्प बसायला लावणारी वकीलबाई

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या टपरीवर दुपारी चार मराठी डोकी जमतात, वरच्या झाडाची गुलाबी फुलं चहात पडत राहतात, माणूस जागेपणीच जरा झोपेत जातो, आणि किस्से साचतात. सध्या समीरचे साचलेत.

समीर आमच्या टीमचा. कंपनीने त्याला जर्मनीला पाठवला. बोलघेवडा इतका की उतरायची जागा आली तरी रिक्षावाल्याला "स्वल्प थांबा अण्णा" म्हणून गोष्ट पुरी करणार!

*

तिथे लोक नको असलेल्या वस्तू फुटपाथवर ठेवतात, हवं त्याने न्यावं. समीरने असाच एक दिवा आणला, एक खुर्ची आणली. एका रविवारी भिंतीला टेकलेली निळी सायकल दिसली. कुलूप नाही, पुढच्या टोपलीत फुलं. आणली!

काही दिवसांनी पोलिसांचं पत्र. चोरीचा संशय, जबाबाला या.

"मेलो रे! इथं राहायचा परवाना गेला तर मुक्ता इकडे येणार कशी?" तो फोनवर रडकुंडीला आला. मुक्ता त्याची बायको. लग्नानंतर जेमतेम महिनाभर एकत्र राहिलेली दोघं.

*

वकील शोधायला आम्ही इथून बसलो. आमच्यातल्या प्रसन्नाने इंटरनेटवर भरपूर स्टार असलेल्या एकाची अपॉइंटमेंटही घेतली. तो निघाला घटस्फोटवाला!

"असू दे," प्रसन्ना म्हणाला, "निदान नवऱ्याची बाजू ऐकायची सवय असेल!"

शेवटी तिथल्या एका जुन्या मराठी कुटुंबाने फौजदारी खटले लढणारी, इंग्रजी बोलणारी बाई सुचवली.

*

तोवर समीरने आमच्या ऑफिसचा माणूस करेल तेच केलं होतं. पोलिसांसाठी रूट कॉज ॲनालिसिस, म्हणजे चुकीचं मूळ शोधणारा तक्ता! समस्या: सायकल नेली. कारण: माझा गैरसमज. जबाबदार: समीर.

आमचे मॅनेजर कुलकर्णी सर खूश. "फक्त पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, तो कॉलम भर!"

वकीलबाईंनी ते व्हिडिओ कॉलवर वाचलं, आम्हीही टपरीवरून जोडलेलो.

"हे पाठवलंत?"

"नाही, सरांचं अप्रूव्हल बाकी आहे."

"मिळू देऊ नका! चोरसुद्धा इतका नीटनेटका कबुलीजबाब देत नाही!"

*

त्यांचा नियम एकच. जबाबाला जायचं नाही, आधी वकीलबाई पोलिसांची फाइल मागवणार, तोवर समीरने गप्प बसायचं.

समीरची आई मारतहळ्ळीहून मुक्ताला घेऊन टपरीवर आली होती. आई फोनमध्ये डोकावली. "बाई, हे जमलं तर मलाही शिकवा. मी तीस वर्षं प्रयत्न करतेय!"

*

फाइल आली. सायकल एका म्हाताऱ्या आजोबांच्या गेलेल्या बायकोची होती. दर रविवारी ते ती उन्हात ठेवायचे, टोपलीतली फुलं बदलायचे.

समीर म्हणाला, "आत्ता जाऊन पाय धरतो त्यांचे!"

"प्रकरण मिटेपर्यंत एक शब्दही नाही," वकीलबाई म्हणाल्या. सायकल त्यांनीच परत पोचवली.

मग समीरने जर्मनमध्ये माफी पाठ करायला घेतली. रोज दुपारी फोनवर आम्हाला म्हणून दाखवायचा. टपरीवाल्या अण्णालाही ती पाठ झाली!

*

चोरीचा हेतू नव्हता म्हणून प्रकरण बंद झालं. परवाना वाचला, मुक्ता पोचली. पहिल्याच रविवारी दोघं आजोबांच्या दारात.

दार उघडलं, आणि समीरच्या तोंडून शब्दच फुटेना. पाठ केलेलं सगळं गेलं. आजोबा बघत राहिले. मग आत गेले, निळी सायकल बाहेर काढली आणि मुक्ताचा हात हँडलवर ठेवला.

मुक्ताला सायकल येत नाही.

आता दर रविवारी आजोबा मागून कॅरिअर धरून चालतात, आणि समीर टोपलीतली फुलं हातात घेऊन शेजारून. गप्प!