खोदाईचे वेगळे

"गाडी ठरवली की बैल त्यातच आले. बैलाचे पैसे कोण वेगळे मागतो रे?"

भाऊसाहेब असं म्हणाले आणि त्यांनी हातातली काठी माझ्याकडे केली. बैल कोण, याबद्दल कुणाला शंका राहू नये म्हणून.

तळेगाव दाभाड्याला स्टेशनापलीकडे त्यांचा नवा बंगला उठत होता. मागच्या अंगणात आम्ही उभे होतो, मी आणि माझा नवरा. चार हात सोडून कोंडिबा आणि त्याची बायको सरजा. कोंडिबा माझ्या नवऱ्याचा चुलत भाऊ. दोघेही नळाचे मिस्तरी. विहिरीपासून बंगल्यापर्यंत पाण्याचा पाईप टाकायचा होता, आणि भाऊसाहेबांनी दोघांना मुद्दाम एकाच वेळी बोलावलं होतं. एकमेकांच्या तोंडावर भाव सांगायला लावले की स्वस्त कोण ते तिथल्या तिथे कळतं. झुंजीला कोंबडे सोडतात तसं. सोडणारा मात्र वेताच्या खुर्चीत.

माझ्या नवऱ्याने पाईप जोडण्याचा भाव सांगितला. मग म्हणाला, "खोदाईचे वेगळे." त्यावर भाऊसाहेबांचं ते बैलाचं वाक्य आलं.

पायरीवर बसलेला सुतार हसला. कोंडिबा हसला. इथवर एक वेळ चाललं असतं. पण माझा नवराही हसला. ओशाळून हसला, पण हसला. माझे कान तापले. मी पदर पुढे ओढला आणि खाली मुरमाकडे बघत राहिले. हा मुरूम मलाच फोडायचा होता.

तेवढ्यात कोंडिबा पुढे सरकला. "माजी खोदाई धरूच नका साहेब. आमची सरजा हाय की."

काम कोंडिबाला मिळालं. सरजाला तेव्हा सातवा लागला होता.

आम्ही चिंचवड स्टेशनाजवळच्या वस्तीत राहायचो. गावाबाहेरची वस्ती, म्हणजे कोणाची ते सांगायला नको. नवरा लढाईच्या काळात लष्कराच्या डेपोत नळाचं काम शिकला होता. लढाई संपली, माणसं कमी केली, तो घरी बसला. मग इकडे पिंपरी-चिंचवडच्या बाजूला कारखाने उठायला लागले, बंगले उठायला लागले, आणि माझ्या नवऱ्याच्या हातातल्या पान्याला किंमत आली. कोंडिबाला त्यानेच काम शिकवलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते असं.

पाईपाला आटे पाडायचं काम नवरा करी. बाकीचं मी. चर गुडघाभर खोल मी खणायची. पाईप धरायची मी. सांधा गळू नये म्हणून आट्यांवर ताग गुंडाळून सफेदा मी फासायची. तो सफेदा बोटांच्या भेगांतून कधी निघायचा नाही, भाकरीला त्याचा वास यायचा. आम्ही जोडलेला पाईप सगळ्यांना चालायचा. पाणी सुरू झालं की त्याच नळाच्या तोटीला आमचा हात चालायचा नाही. तहान लागली तर वरून ओतायचे, तेही कोणाला सवड असली तर.

पुण्याहून सायकलवर एक मिस्तरी यायचा. त्याला खुर्ची मिळायची, कपबशीतून चहा मिळायचा. त्याचा भाव आमच्या दीडपट. त्याच्याबरोबर एक बिगारी असायचा, तो खोदाईचे पैसे मोजून घ्यायचा. त्याला कुणी बैल म्हणत नसे. तो पुरुष होता, आणि मिस्तऱ्याची बायको नव्हता. तो महाग पडतो म्हणून तर बंगलेवाले आमच्या वस्तीत माणूस धाडायचे. मला हे सगळं दिसत होतं. पण दिसणं आणि कळणं यात फार अंतर असतं.

तळेगावहून परतताना नवरा म्हणाला, "उद्यापास्नं खोदाई धरायची न्हाई."

"का?"

"कोंडिबा धरत न्हाई."

झालं. एवढ्यावर माझी खोदाई फुकट झाली. पुढचं काम आम्हाला मिळालं. नवरा खूश होता. मी पहार मारत होते.

मग कोंडिबाने आणखी खाली उडी घेतली. पाईप रेल्वेने यायचे आणि स्टेशनापासून कामापर्यंत बैलगाडीने जायचे. गाडीचं भाडं मालकाला पडायचं. कोंडिबा म्हणाला, भाडं नको, आमची बाई वाहून आणेल. मग माझ्याही डोक्यावर चुंबळ आली आणि चुंबळीवर लोखंड. चिखलीच्या वाटेवर एकदा बैलगाडी माझ्या शेजारून गेली, रिकामी. गाडीवान पेंगत होता, बैल मजेत चालले होते. खऱ्या बैलांना भाडं होतं. ते वाचवायला आम्ही होतो. त्या दिवशी मला हसू आलं आणि मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि दोन्ही हात वर अडकलेले, पुसणार कसं!

मग माझ्या नवऱ्याने चर बुजवणं फुकट केलं. कोंडिबाने बंबाचं सरपण. बंगल्यांत तेव्हा न्हाणीघराच्या भिंतीबाहेर तांब्याचे मोठे बंब बसवायचे, खाली जाळ, आणि आत तोटीतून गरम पाणी. बंब बसवला की पेटवून दाखवावा लागे. त्याला लाकडं लागत. ती आधी मालक द्यायचा. कोंडिबा म्हणाला, सरपण आमचं. सरपण बाई आणते, म्हणजे ते फुकटच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी रानातून मोळी आणायची ती दुसऱ्याच्या अंघोळीची चाचणी घ्यायला.

सरजाशी मी बोलणं टाकलं होतं. ती दिसली की मी तोंड फिरवायची. मला वाटे, हिच्या नवऱ्यामुळे माझे हाल. तिलाही तसंच वाटत असणार. दोघी एकाच वस्तीत, एकाच घाटावर धुणं धुवायचो आणि दोन टोकांना बसायचो.

एका संध्याकाळी कोंडिबा आमच्या घरी आला. धंद्यात वैरी, घरात भाऊ. दोघे विडी ओढत बसले. मी चुलीपुढे भाकऱ्या थापत होते. घर म्हणजे एकच खोली. दोघांनी आवाजही खाली केला नाही.

कोंडिबा म्हणाला, "दादा, जोडणीच्या भावाला हात लावायचा न्हाई. ती आपली इज्जत हाय. तिथं दोघांनी बी एकच भाव धरायचा."

नवरा म्हणाला, "बराबर हाय. बाकीचं ज्यानं त्यानं आपल्या ताकदीवर बघावं."

बाकीचं.

माझा हात परातीत थांबला. बाकीचं म्हणजे मी. बाकीचं म्हणजे सरजा. इतके दिवस मला वाटत होतं की दोघे भाऊ एकमेकांशी भावात झुंजतात. झुंजतच नव्हते. त्यांच्या हाताचा भाव एका पैशानेही उतरला नव्हता, तो त्यांनी जपून ठेवला होता. उतरत होत्या त्या आम्ही दोघी. साहेब आम्हाला बैल म्हणाला तेव्हा माझा नवरा हसला, ते ओशाळून नव्हतं. त्याला ते पटलं होतं. भाकरी करपली. "ध्यान कुटं हाय?" नवरा ओरडला. मी दुसरी थापायला घेतली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

सरजा बाळंत झाली. मुलगी झाली. सव्वा महिना सरायच्या आत कोंडिबाने तिला कामावर नेलं. पुढे एकदा घाटावर ती स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसली. चेहरा पिठासारखा पांढरा.

"आक्का, माजं अंग खाली येतंय. फडकं बांधून पाईप उचलते."

मी तिचा हात धरला.  इतके दिवस जिच्याकडे पाठ केली, ती हे सांगायला माझ्याकडेच आली होती. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्याचं घर तो बघल."

सरजा पुढे अंथरुणाला खिळली. कोंडिबाची कामं गेली, आम्हाला मिळायला लागली. माझा नवरा गुळाचा खडा घेऊन आला. मला तो गिळवला नाही. मग एक दिवस कोंडिबा आमच्या उंबऱ्यात येऊन बसला आणि म्हणाला, "दुसरी करतो दादा. बायकोबिगर भाव बसत न्हाई."

बोलताना त्याचे डोळे भरले होते. खोटं कशाला सांगू? सरजावर त्याचा जीव होता. पण कामाच्या भावावर जास्त होता. कायदा झाला होता म्हणे, एकीवर दुसरी करायची नाही असा. आमच्या वस्तीत कायदा विचारायला कोण येतो! सरजाला लेकीसकट माहेरी धाडलं. कोंडिबाने निघोजेकडची एक पोर करून आणली. हौसा तिचं नाव. दंड भरलेले, पाठ सरळ. तिच्याकडे बघताना माझ्या मनात आलं ते सांगते. मला वाटलं, ही किती वर्षं पुरेल?

आणि पुन्हा भाऊसाहेबांचं बोलावणं आलं. आता त्यांना बंब बसवायचा होता. विहिरीकडून नवा पाईप, न्हाणीघरात गरम पाण्याची तोटी, सगळं. पुन्हा तेच अंगण. तीच वेताची खुर्ची. चार हात सोडून कोंडिबा, आणि सरजाच्या जागी हौसा. तिच्या हातावरची हळद अजून पुरती गेली नव्हती.

"सांगा," भाऊसाहेब म्हणाले.

नवऱ्याने जोडणीचा भाव सांगितला. कोंडिबाने तोच सांगितला. भाऊसाहेब काठी आपटत म्हणाले, "आणि फुकट काय काय?"

नवऱ्याने तोंड उघडलं. त्याच्या आधी मी बोलले.

"खोदाईचे वेगळे."

 भाऊसाहेब माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "काय रे, तुझा बैल बोलायला लागला?"

मी हातातली पहार खाली टाकली. मुरमावर ती मोठ्याने वाजली.

"बैलगाडीवाला बी बैलाच्या पेंडीचे धरतो साहेब. तुमी तेवढं बी धरलं न्हाई. चर मी खणणार, तर भाव मी सांगणार. पाईप वाहायचे वेगळे. सरपणाचे वेगळे. न्हाई परवडत, तर पुण्याचा मिस्तरी बोलवा."

  भाऊसाहेब हसले. त्यांना रागही आला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. राग माणसावर येतो. त्यांनी नुसती काठी कोंडिबाकडे वळवली.

कोंडिबा म्हणाला, "आमचं सगळं फुकट साहेब. हौसा हाय की."

मी हौसाजवळ गेले. तिने पहार उचलली होती. मी म्हणाले, "ठेव ती खाली. तुजे पैसे माग."

तिने कोंडिबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला खरंच कळलं नव्हतं. हळूच म्हणाली, "माग म्हंजी कसं, आक्का? काय म्हणायचं?"

"चल गं," कोंडिबा ओरडला. ती गेली. मी फाटकापर्यंत पोचेपर्यंत तिची पहार मुरमावर पडायला लागली होती.

स्टेशनावर सगळ्यांदेखत नवऱ्याने माझ्या कानाखाली वाजवली. "उचलली जीभ लावली टाळ्याला! तुज्या तोंडापायी काम गेलं."

"काम तुमचं गेलं," मी म्हणाले. "माजं कवाच नव्हतं."

यानंतर काही चांगलं झालं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. झालं नाही. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, हिने नवऱ्याचा धंदा बुडवला. एकीनेही पहार खाली ठेवली नाही. मी पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर बिगारी म्हणून जाते. तिथेही बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी. तिथलाही मुकादम बाईला नावाने हाक मारत नाही. पण रोज आहे. माझ्या तळहातावर पडतो. सरजा गेल्या आखाडात माहेरीच वारली. तिची लेक आजीकडे आहे, चालायला लागली म्हणतात. ती कुठल्या चरात उतरणार ते मला माहीत आहे. नवरा एकट्याने कामं धरतो आणि हरतो. परवा जेवताना म्हणाला, "मला बी दुसरी करावी लागंल."

करू दे.

मला आता ना रडू येतं, ना त्याची भीती वाटते. हौसाच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला मी थांबले नाही. फाटकाबाहेर गेले. आता जाणार नाही. कोंडिबा हौसाला ज्या बंगल्यावर नेईल तिथे मी जाईन. माझा नवरा दुसरी आणेल, तर तिच्याही शेजारी जाऊन उभी राहीन. रोज बुडेल, बुडू दे. हाकलतील, काठी घालतील, घालू देत. त्या पोरीला म्हणायला जमत नसेल तर तिच्या बाजूला उभी राहून, साहेबाच्या आणि नवऱ्याच्या तोंडावर, मी म्हणेन. तिला पाठ होईपर्यंत म्हणेन.

खोदाईचे वेगळे.