गाळलेलं पाणी

बुरोंडीच्या तुळसाकाकी डोर्लेकर टापटिपीत कुणाला हार जायच्या नाहीत. मासळीची पाटीसुद्धा राखेनं घासून पालथी घालायच्या. खाडीकाठच्या त्यांच्या दोन तळ्यांपैकी एकात कोळंबी मरून तरंगू लागली, तेव्हा त्यांना नुकसानीपेक्षा लाजच जास्त वाटली. मेलेली कोळंबी त्यांनी गुपचूप माडाच्या आळ्यात पुरली.

त्याच आठवड्यात कोळंबीचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या नम्रतानं सगळ्या तळीवाल्यांना बाटल्या वाटल्या. "ज्या तळ्यात कोळंबी मरते, तिथलंच पाणी द्या. जिथं रोगाचे जंतू, तिथंच त्यांना खाणारा विषाणू सापडतो. तो वाढवून औषध म्हणून सगळ्यांच्या तळ्यांत सोडू."

ते घाण मारणारं पाणी बाटलीत भरायला काकींचा हात धजेना. लोक काय म्हणतील? त्यांनी चांगल्या तळ्यातलं पाणी भरलं, तेही फडक्यानं गाळून.

पंधरा दिवसांत शेजारच्या दर्शनची सगळी कोळंबी मेली. नम्रता आली, तेव्हा तिच्याकडे औषध नव्हतं. "कुणाच्याच पाण्यात तो विषाणू मिळाला नाही. काकींचं पाणी तर सगळ्यांत स्वच्छ."

दर्शननं काकींपुढे हात जोडले. "काकी, पानी एवढं साफ कसं ठेवता? मला पन शिकवा."

"गाळलं रे," काकी खाली बघत म्हणाल्या, "आणि तेही दुसऱ्याच तळ्यातलं."