लुइकाच्या गळ्यावरचा वळ

माझी सासू लुइका म्हणजे नाकाची राणी! मोकीहानाचं झुडूप वरच्या धुक्यातल्या रानात एवढंसं, त्याला वाटाण्याएवढी हिरवी फळं. आणि वास? बडीशेपेनं लाजून मान खाली घालावी असा. लुइका ते झुडूप दिसायच्या आधीच ओळखायची. शंभर पावलांवरून, नुसत्या वाऱ्यावर! लग्न होऊन कौआई बेटावर आले तेव्हा वाटलं, म्हातारी थापा मारते. मग डोळ्यांनी पाहिलं आणि हातच जोडले.

यंदा माझी लेक कावेना पहिल्यांदाच सगळ्यांपुढे हुला नाचणार होती. तिच्या गळ्यात मोकीहानाची माळ हवी, आणि ती आजीनंच ओवलेली. नाचाच्या चार दिवस आधी आम्ही दोघी निघालो.

"कुठं स्वारी?" शेजारणीनं विचारलंच.

"पाय मोकळे करायला," लुइका म्हणाली. फळांना चाललो असं बोलायचं नसतं. रान ऐकतं आणि फळं लपवतं. रानाच्या तोंडाशी तिनं आत येऊ का म्हणून विचारलं, जरा थांबली, मगच पाऊल टाकलं.

आणि एका लगडलेल्या झुडपाला खेटून ती सरळ पुढं गेली! वास नुसता घमघमत होता. सासूला तोंडावर कसं सांगायचं?

"आई गं, पाय मुरगळला!" म्हणत मी झुडपाखाली बसले.

ती वळली. झुडपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "खोटारडे! बकरीसारखी चढतेस तू." मग तीही मटकन बसली. "गेल्या महिन्यातल्या तापात नाक गेलं गं. कॉफीसुद्धा गरम पाण्यासारखी लागते. मला ज्याचा वास येत नाही, ते पोरीच्या गळ्यात कसं घालू? आता ओवणं बंद."

"माझ्या नाकावर विश्वास ठेवा की."

"तुझ्या? काल भात करपला तो कळला नाही तुला!"

तरी अर्धी फळं तोडली, अर्धी झाडाला ठेवली. घरी मात्र मनाशी काही ठरवून तिनं कावेनाची लांब माळ ओवली आणि शिवाय एक आखूड. मग गळा पाण्यानं ओला केला, आखूड माळ घातली आणि अंगणात भर उन्हात जाऊन बसली.

"आई, भाजेल!" मी ओरडले. ताज्या फळाचा रस ओल्या कातडीला लागून ऊन पडलं की वळ उठतात, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. "कपड्यावरून घाला गं," म्हणून जन्मभर हीच तर सगळ्यांवर खेकसायची!

"ओरडू नकोस. वळ उठला तर फळात जीव आहे, कावेना माळ घालील. नाही उठला तर दोन्ही टाकून दे."

दुसऱ्या दिवशी काहीच नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ती धड जेवली नाही. कावेना दहादा आजीचा गळा पाहून गेली.

नाचाच्या दिवशी सकाळी तिच्या हाका ऐकून मी धावले. तिचा गळा लालभडक झाला होता, एकेका मण्याची खूण वेगळी दिसत होती. आणि चेहरा! इतका आनंद मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"आला गं वास," ती म्हणाली, "नुसता जळजळतोय!"

आणि तिनं माळ उचलून कावेनाच्या गळ्यात घातली, कपड्यावरून.