परवाना मिळाल्यावर

"शीर आत," साहेब म्हणाला. "अंग आवळून घे."

मी कपड्यांच्या ट्रॉलीत शिरले. दवाखान्याच्या चादरी होत्या. रक्ताच्या, उलटीच्या, हगलेल्या. त्याने वरून आणखी चार टाकल्या. म्हणाला, "खोकलीस तर मी तुला ओळखत नाही."

तपासणीवाले आले, लॉन्ड्रीत फिरले, चहा पिऊन गेले. तासभर मी तोंडाने श्वास घेतला. बाहेर आले तेव्हा साहेब नाक धरून उभा होता. माझ्यापासून दोन हात लांब.

देश परका, आखातातला. साहेब म्हणजे आमचा सुपरवायझर मात्र आपल्याच राज्यातला, शुद्ध मराठी बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने गाव विचारलं. लाखनी, जिल्हा भंडारा. मग आडनाव विचारलं. ते ऐकून, "म्हणजे घाणीची सवय असेल तुम्हाला," म्हणाला. मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

नवरा वारल्यावर मी लोकांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, धानाचा रोवणा करायची, चिखलात रोपं लावायची. रोवणा संपला की हायवेवरच्या ढाब्यात भांडी. पोरीला नर्सिंगला घातलं होतं. एजंटाने नोकरीचा सांगून फिरायचा व्हिसा हातात दिला. तो दोन महिन्यांत संपला आणि मी त्या देशात बेकायदा झाले. अशा आम्ही सहा जणी. कागद नाही म्हणून पगार इतरांच्या अर्धा. आजारी पडलं तर तोही नाही. दुसरं काम शोधायचं तर बाहेर पोलीस.

तिसऱ्या वर्षी तिथल्या सरकारने जाहीर केलं, बिनकागदी लोकांना दंड माफ. मालकाने अर्ज केला तर कामाचा परवाना मिळणार. कंपनीने आमचे अर्ज भरले. कार्ड आलं. त्यावर माझा फोटो. मी पोरीला फोन लावला. "आता चोरावानी राहायचं नाही वं. पगार ब्यांकेत येते. पुरा."

पुरा आला. दुसऱ्या दिवशी साहेबाने आम्हाला ओळीत उभं केलं.

"अर्धे काढून मला आणून द्या. परवान्याचा खर्च आहे."

"किती महिने?" मी विचारलं.

"काम हवं असेल तितके."

त्याला भीती नव्हती. परवाना कंपनीच्या नावाने होता. कंपनीने काढलं की तो रद्द. आणि बिनकागदी बाया बाहेर उभ्याच होत्या. त्याच आठवड्यात एक आली. नेपाळची, पंचविशीतली. आमच्या जुन्या पगारात. साहेबाने तिचं नाव विचारलं नाही. मी विचारलं. सरिता.

आम्ही सहाही जणींनी पहिल्या महिन्याचे पैसे दिले. मीही दिले.

दुसऱ्या महिन्याचा पगार झाला आणि पुन्हा तपासणी आली. साहेबाने सरिताला ट्रॉलीत बसवलं. मला हाक मारली. "चादरी टाक वरून."

चादर हातात. ओली. खाली तिचे डोळे. मी तिथेच उभी. एवढ्यासाठीच होता माझा परवाना. ट्रॉलीतून निघायचं आणि दुसरीला आत दाबायचं.

त्याच्याशी मी इतकी वर्षं पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करत होते. त्या दिवशी घरची बोली निघाली.

"मी नाही टाकत. अन् पैसेबी नाही देत आता."

चादरी त्यानेच टाकल्या. तपासणीवाले माझ्या समोरून गेले. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरिताला विमानात बसवलं असतं. बरोबर केलं की चूक, मला अजून समजत नाही.

बाकी पाच जणींनी खाली बघत पैसे दिले. त्यांना मी नावं ठेवत नाही. आठ दिवसांत माझा परवाना रद्द झाला. माझ्या जागेवर सरिता लागली. अर्ध्या पगारात.

आमच्या आज्याने दीक्षा घेतल्यावर गावाची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं. वर्षभर कोणी त्याला कामावर बोलावलं नाही. बाबा हे सांगायचे, पण आजा जिंकला असं कधी म्हणाले नाहीत. उपाशी राहिले, एवढंच म्हणायचे. परतीच्या विमानात मला तेच आठवत राहिलं.

पोरीचं नर्सिंग सुटलं. ती कापडाच्या दुकानात उभी राहते. मी पुन्हा रोवण्यावर जायला लागले. यंदा छत्तीसगडच्या बाया आल्या, आमच्याहून कमी मजुरीत. आमच्या बाया त्यांना शिव्या घालतात. शेताचा मालक मला म्हणाला, "त्याहिच्या भावात येत असशीन तं ये. नाही तं राहू दे."

"त्याहिलेबी आमच्याएवढी मजुरी द्या," मी म्हटलं. "मंग येईन."

तो हसला. शेजारच्या बाया मला म्हणाल्या, "तुले काय करायचं आहे त्याहिचं?" छत्तीसगडच्या बायांशीही बोलून आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सकाळी कामावर गेल्या. त्यांनाही पोरं आहेत.

चार दिवस झाले, मी बांधीत उतरले नाही. घरातला तांदूळ रविवारपर्यंत पुरेल. सोमवारी मालक विचारेल, तेव्हाही मी मजुरीचं हेच सांगणार आहे.