बहिणीच्या हिश्श्याचं मोल

नागपूरहून बी.कॉम. होऊन मी बालाघाटला मास्तर झालो, तेव्हा मला शिकलेल्या विद्येची चांगलीच नशा चढली होती. धंद्याची किंमत विटा-यंत्रांवरून करायची नसते. पुढच्या वर्षांत खर्च, कर आणि नवी यंत्रं भागवून हातात जे उरेल, ते आजच्या भावात आणून त्याची बेरीज करायची. दहा वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो, हे मी पानठेल्यावरही समजावत असे. लोक पान खाऊन निघून जात. शहाणे होते.

एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमारास माझी मोठी बहीण विधवा झाली. वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये तिच्या नवऱ्याचा चौथा हिस्सा होता. मिल म्हणजे घरचीच छोटी कंपनी, शेअर भावाभावांत वाटलेले. तिच्या थोरल्या दिरानं तिचे शेअर विकत घ्यायचं ठरवलं आणि किंमत काढायला मलाच बोलावलं. "बाहेरचा माणूस काहून पाह्यजे? तुमी शिकलेले आहा, मास्तर. हिसाब सच्चा करा."

मी फुगलो. चार रविवार बसनं गेलो, जुन्या वह्या चाळल्या, पुढच्या दहा वर्षांचे आकडे मांडले. धान किती येईल, कोंडा किती विकला जाईल, इंजिन कधी बदलावं लागेल. दीर प्रत्येक आकड्याला मान हलवी. शेवटच्या रविवारी तो म्हणाला, "तुमची बहीण इथंच राहीन, आमच्याच घरी जेवन. सहाव्या साली पोरीचं लगन. हे सारं मिलमधूनच जाईन ना? मंग तिच्याच हिश्श्यातून वजा करा. बाकीच्या भावायवर अन्याव काहून?"

मला ते अगदी न्यायाचं वाटलं. दहा वर्षांचं जेवण, लुगडी, औषधं, भाचीचं लग्न, सगळं मी बहिणीच्या हिश्श्यातून कापलं. किंमत निम्म्याहून खाली आली. बहीण म्हणाली, "तू केलं ना, भाऊ? मंग बराबरच असन." तिनं विक्रीच्या करारावर सही केली.

वर्ष सरायच्या आत दिरानं तिला सुनावलं, हिस्सा घेतला, आता इथं तुमचं काही नाही. पोरगी आणि एक ट्रंक घेऊन ती माझ्या दारात आली. तेलही गेलं, तूपही गेलं. मी तणतणत वारासिवनी गाठलं. दिरानं शांतपणे माझाच कागद पुढं केला. "आमी पोसू असं कुठं लिवलं हाय यात? तुमी वजा केलं, आमी पैसे देले." अक्षर माझं होतं, बेरीज बरोबर होती. करारात तिच्या राहण्याबद्दल एक ओळ घालावी, हे मला सुचलं नव्हतं. त्यानं चहा मागवला आणि मी तो प्यायलोही. त्या चहाची आजही शरम वाटते.

घरी येऊन मी बहिणीला सगळं सांगितलं. कशाकशाचे पैसे कापले होते, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती रडली नाही की ओरडली नाही.

"त्यानं सांगितलं अन् तू हिसाबात धरलं?" ती म्हणाली. "त्या घरात मी बारा वर्सं काढली, भाऊ. तो मले ठेवणार नाही, हे मले मालूम होतं. मले काहून नाही इचारलं?"

कंपनीच्या कामातलं बाईला काय कळतं, असं मला वाटलं होतं.