निवडलेली तूर

देवरावकाका निवडलेली तूर पुन्हा कुटारात, म्हणजे भुश्यात, ओतायचे. आधी सुपात घेऊन दाणा न् दाणा वेगळा करायचे, मग तीच तूर कुटाराच्या घमेल्यात कालवून परत निवडायला बसायचे. अकोल्यात आमच्या समोरच्या खोलीत राहत. कापसाच्या जिनिंग कारखान्यातले निवृत्त फिटर, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. मला वाटायचं, गेला बिचारा म्हातारा कामातून.

तेव्हा माझ्याच मागे मोठं झेंगट होतं. मी नोकरीला निघाले की माझा कुत्रा बिट्टू दार ओरबाडत भुंकत सुटायचा. घरमालकांनी बजावलं, महिनाअखेरपर्यंत कुत्रा तरी काढा नाहीतर खोली तरी सोडा. शेवटी त्याला परतवाड्याला भावाच्या शेतावर सोडायचं ठरवलं आणि ओट्यावर बसून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका घमेलं घेऊन हजर. माझ्या खोलीत ते ठेवलं, भाकरीचे तुकडे कुटारात खोल दडवले आणि म्हणाले, "जाय आता तू."

"अहो काका, मी वाटीत देते ना त्याला! अन्न असं कचऱ्यात टाकायचं?"

"वाटीतलं घडीभरात संपते वं. मंग दिवसभर त्याच्या डोक्यात काय? तू गेली, तू गेली. नाक कामाले लागलं का जीव खाली बसते."

मला काडीचं पटलं नाही. संध्याकाळी आले तर घरभर कुटार आणि त्यातच बिट्टू घोरतोय! शेजारीण म्हणाली, आज थोडाच भुंकला. असं चार दिवस झालं. तरी मी शहाणी, अन्नाचा अपमान नको म्हणून रविवारी सगळं झाडून काढलं आणि सोमवारी वाटीत दूधभाकरी ठेवून गेले. दुपारीच घरमालकांचा फोन आला.

काका रागावले नाहीत, पण तोंड एवढंसं झालं. "काहून साफ केलं तू? त्याचं काम होतं ते."

मी मुकाट्याने घमेलं परत मांडलं. बिट्टूला एकटं राहायची सवय व्हावी म्हणून सुट्टीच्या दिवशी काका मला मुद्दाम बाहेर पिटाळायचे, आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. महिना संपला आणि बिट्टू घरातच राहिला.

"पण काका, तुम्ही तूर काहून मिसळता?" मी एकदा विचारलंच.

ते हसले. "मले कुठं नोकरी हाये आता?"

हे काय उत्तर झालं? मी बुचकळ्यात पडून घरी आले.

गेल्या थंडीत काका झोपेतच गेले. तेराव्यानंतर अमरावतीहून आलेली त्यांची मुलगी शोभा खोली आवरत होती. घमेलं पाहून तिला रडू फुटलं. "बाबाचं डोकं फिरलं होतं का वं ताई? आई गेल्यापासून फोनवर म्हणत, मी मजेत हावो. अन् चांगली तूर कुटारात कोणी मिसळते का?"

मी सूप घेतलं आणि तिच्यासमोर बसले. तीही निवडू लागली. बिट्टू कुटार हुंगत आमच्याजवळ आडवा झाला. तासाभरात तूर स्वच्छ झाली. शोभाचे हुंदके कधी थांबले, तिलाही कळलं नसावं.

मी तूर भरायला डबा आणायला उठले तर तिने माझा हात धरला, सूप घमेल्यात उपडं केलं आणि म्हणाली, "ताई, अजून एकदा बस ना."